साइन-कंपेअर वॉर्निंग: सात महिने वापरून झाल्यावर

साइन-कंपेअर ही सी कंपायलरची वॉर्निंग: ऋण होऊ शकणारी (साइन्ड) आणि ऋण होऊ न शकणारी (अनसाइन्ड) संख्या एकमेकींशी ताडली की ती तक्रार करते. आधी कबुली. ज्या बगमुळे ही वॉर्निंग चालू केली, तो बग तिनं पकडलाच नसता.

झालं असं की लिनक्सच्या कर्नलसाठी (गाभ्यासाठी) लिहिलेल्या ड्रायव्हरमध्ये एका फंक्शनचं उत्तर मी अनसाइन्ड इंटमध्ये घेतलं होतं आणि खाली ते शून्यापेक्षा कमी आहे का हे तपासत होतो. कर्नलमध्ये एरर ऋण आकड्यातच परत येते. पण अनसाइन्डमध्ये -२२ म्हणजे ४२९४९६७२७४, तो शून्याखाली जाणार कसा? डिव्हाइस एरर देत होतं, ड्रायव्हर खुशाल पुढे जात होता. दोन रात्री गेल्यावर वैतागून कर्नल बिल्ड करताना डब्ल्यू=३ लावलं, म्हणजे जादा वॉर्निंगचा तिसरा गट, ज्यात साइन-कंपेअर येते. लॉगमध्ये पूर आला, पण माझी ओळ त्यात नव्हती! ती पकडते टाइप-लिमिट्स ही दुसरी वॉर्निंग (प्रकारामुळेच ज्या तुलनेचं उत्तर कायम एकच येतं ती दाखवणारी), आणि ती आहे डब्ल्यू=२ मध्ये. ३ लावलं की २ आपोआप येत नाही, डब्ल्यू=२३ असं लिहावं लागतं.

तरी साइन-कंपेअर सुरू ठेवली. फुकटची आहे ना.

पहिले चार महिने निव्वळ मनस्ताप. साधा लूप, साइन्ड इंट आय, अनसाइन्ड ऍरे-साइझपर्यंत जाणारा, तरी तक्रार. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स या वॉर्निंगवर जाहीरपणे का चिडतात ते तेव्हा कळलं. पण मला खरा राग आहे तो वॉर्निंग गप्प करायच्या सवयीचा, त्यात माझीही. एके ठिकाणी लांबी इंट होती आणि ती बफरच्या साइझऑफपेक्षा (बाइटमधल्या आकारापेक्षा, तो अनसाइन्ड असतो) जास्त असेल तर नाकारायची, अशी तपासणी होती. वॉर्निंग घालवायला मी साइझऑफला इंटचा कास्ट (सक्तीचा प्रकारबदल) चिकटवला. आधी ऋण लांबी साइझ_टी (अनसाइन्ड प्रकार) होऊन प्रचंड मोठी ठरायची आणि नाकारली जायची. माझ्या कास्टनंतर ती आरामात आत शिरली असती आणि मेमकॉपीला (बाइट कॉपी करणाऱ्या फंक्शनला) जाऊन तिथे पुन्हा प्रचंड झाली असती. म्हणजे कोड बरोबर चालत होता तो योगायोगानं, आणि ‘स्वच्छ’ करताना भोक मी पाडलं. रिव्ह्यूत पकडलं गेलं म्हणून वाचलो.

एवढ्यावर एकच तारा देऊन हा अनुभव संपवणार होतो. पाचव्या महिन्यात मत बदललं. वाचलेले बाइट हेडरच्या साइझऑफपेक्षा कमी असतील तर परत फिरायचं, अशी एक ओळ होती. वाचताना -५ आला की ६४ बिटवर त्याचे १८४४६७४४०७३७०९५५१६११ होतात. ‘कमी’ नाहीत, म्हणून कचरा हेडर समजून पुढे वाचायचा. ही ओळ मी शंभरदा डोळ्यांखालून घातली असेन. साइन-कंपेअरनं बोट ठेवलं ते नेमकं तिथेच. कास्ट नाही लावला. ऋण आहे का हे आधी वेगळं तपासलं.

आता संपूर्ण कर्नलवर लावत नाही, तेवढा वेळ कोणाकडे आहे? फक्त माझ्या ड्रायव्हरच्या मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) सीसीफ्लॅग्ज-वाय या कंपायलर-पर्यायांच्या यादीला साइन-कंपेअर आणि टाइप-लिमिट्स दोन्ही जोडलेत. सध्या अकरा वॉर्निंग उरल्यात. त्यातल्या नऊ लूपच्या आहेत, त्यांना हात लावणार नाही.