टोकियो डोमच्या तिकिटाचे पैसे पाठवण्याआधी हे वाचा

मामा अवॉर्ड्स हा के-पॉपचा, म्हणजे कोरियन पॉप संगीताचा, वार्षिक पुरस्कार सोहळा कोरियाचा, पण २०१० साली मकाऊला गेल्यापासून तो बहुतेक वेळा परदेशातच भरतो. सिंगापूर, हाँगकाँग, नागोया, ओसाका. चाहत्यांना दरवेळी नव्या देशाची तिकीटपद्धत समजून घ्यावी लागते आणि ठगांचं तिथेच फावतं.

२०२३ साली तो २८ आणि २९ नोव्हेंबरला टोकियो डोम या स्टेडियममध्ये होता. आम्ही टोकियोतच राहतो. माझी भाची पुण्याहून इथे शिकायला आलेली, सेव्हन्टीन या के-पॉप गटाची पक्की ‘कॅरट’, म्हणजे चाहती. जपानमध्ये अशा कार्यक्रमांची तिकिटं आधी लॉटरीने देतात. तिचा नंबर लागला नाही.

मग सोशल मीडियावर एका मुलीचा मेसेज आला: दोन तिकिटं लागली आहेत, मैत्रिणीला जमत नाही, माझ्यासोबत आत चल. लॉटरी लागल्याच्या मेलचा स्क्रीनशॉट, जुन्या कॉन्सर्टचे फोटो, अर्धवट झाकलेलं ओळखपत्र, सगळं न मागता पाठवलेलं. शिवाय तिकीट मूळ किमतीतच. जपानमध्ये जून २०१९पासून तिकिटं चढ्या भावाने विकण्याचा धंदा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा लाख येनपर्यंत दंड होतो. त्यामुळे मूळ किमतीत तिकीट देणारी व्यक्ती सज्जनच वाटते. ठगांना हे नेमकं ठाऊक असतं.

पैसे बँकेत भरायचे होते. खातं दुसऱ्याच नावाचं. विचारल्यावर उत्तर आलं, आईचं आहे.

खरी मेख पुढे आहे. डिजिटल तिकीट ॲपमध्ये कार्यक्रमाच्या थोडंच आधी दिसतं. पैसे दिल्यावर हातात काही नसलं तरी कुणाला वावगं वाटत नाही, कारण खऱ्या तिकिटाचंही तसंच असतं. मधल्या काळात ती मुलगी रोज गप्पा मारायची, कोणते कपडे घालायचे, कुठल्या स्टेशनवर भेटायचं ते ठरवायची. तिकिटं दिसायची वेळ आली आणि अकाउंटच नाहीसं झालं. ‘मावशी, ती अशी कशी वागेल गं?’ भाची पुन्हा पुन्हा हेच विचारत होती. पैशांपेक्षा ते मला जास्त लागलं. एकोणीस वर्षांच्या पोरीशी मैत्रीचं नाटक करून लुबाडणाऱ्यांचा मला आजही संताप येतो.

पोलिसांत तक्रार दिली, बँकेलाही कळवलं. इथल्या कायद्यानुसार असं खातं गोठवून त्यात उरलेली रक्कम फसलेल्यांमध्ये वाटतात. पण उरलेली म्हणजे खरोखर उरलेली. आमच्या वेळी खात्यात जवळजवळ काहीच नव्हतं. म्हणून संशय आला की त्याच तासाला ज्या बँकेत पैसे गेले तिथे फोन करा. पोलिसांच्या सल्ल्यासाठी #९११० आणि ग्राहक मदतीसाठी १८८ हे जपानमधले क्रमांक आहेत. चॅट, खाते क्रमांक, पैसे भरल्याची पावती यांचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, कारण अकाउंट गेलं की चॅटही हाती लागेलच असं नाही.

भाचीने हे सगळं सोशल मीडियावर लिहिलं, तेव्हा ‘पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा’ असे मेसेज येऊ लागले. तेही ठगच. त्यांना उत्तर देऊ नका.