काळ्या मातीत सॉफ्ट गोल्फ बॉल: तिन्ही हंगाम वापरल्यानंतर

नवीन शिकणाऱ्यानं स्वस्त सॉफ्ट बॉल घ्यावा का, तर घ्यावा. फक्त आपल्या भागात घेणार असाल तर कंपनीच्या आधी रंग ठरवा. कॉम्प्रेशन (बॉल किती दबतो ते), कव्हर, डिंपल (बॉलवरचे बारीक खळगे) हे सगळं त्यानंतर. असं का म्हणतो ते पुढे येईलच.

मी फौजेतून निवृत्त होऊन वर्धा जिल्ह्यात शेती करतो. गोल्फची स्टिक पहिल्यांदा हातात धरली ती छावणीत. गावी येताना एका साहेबांनी त्यांचा जुना अर्धा सेट दिला, त्यावरच चाललं आहे. आमची थोडी मुरमाड पडीक जमीन आहे, तिथे काथ्याची पायपुसणी टाकून सेव्हन आयर्न आणि वेज या जवळच्या फटक्यांच्या, लोखंडी पात्याच्या स्टिकनं मारतो. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारी स्टिक, वापरत नाही. आजूबाजूच्या वावरांत बाया निंदायला असतात, आणि गोल्फ बॉल कोणाच्या डोक्यात बसला तर तो टेनिस बॉल नव्हे. सोबत पुतण्या आणि पुतणी. पुतणीनं २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आलेली टीव्हीवर पाहिली, तेव्हापासून तिला हा खेळ शिकायचाच आहे.

आता बॉल. नियमाप्रमाणे कुठलाही बॉल ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नको आणि ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान नको. त्यामुळे स्वस्त काय नि महाग काय, हातात सारखेच लागतात. फरक पोटात असतो. सॉफ्ट म्हणून मिळणारे बहुतेक स्वस्त बॉल टू-पीस असतात, म्हणजे आत रबराचा एकच मोठा गोळा आणि वर आयोनोमर या प्लास्टिकचं चिवट कव्हर. कॅलवेचा सुपरसॉफ्ट, स्रिक्सनचा सॉफ्ट फील, विल्सनचा ड्युओ सॉफ्ट हे सगळे याच जातीतले. टायटलिस्टच्या प्रो व्ही वनसारख्या बॉलला तीन थर आणि युरेथेन या मऊ प्लास्टिकचं कव्हर असतं, आणि किंमत साधारण दुप्पट. आत्ता कुठे बॉल हवेत जायला लागलाय अशा माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये. दुप्पट पैशांचा बॉल नाल्यात गेला की पुढचा फटका माणूस भीत भीत मारतो, आणि भीत मारलेला फटका बिघडतोच.

मऊपणा मोजायला कॉम्प्रेशनचा आकडा असतो. आकडा जितका कमी, तितका बॉल मऊ. सुपरसॉफ्ट चाळिशीच्या आसपास, सॉफ्ट फील साठीच्या आसपास, प्रो व्ही वन नव्वदीकडे. मी मुख्यतः साठच्या आसपासचा वापरला, पोरांना त्याहून मऊ दिला. आयर्नवर हा फरक हातालाच कळतो. बॉल पात्याच्या खालच्या कडेवर लागला की कडक बॉलनं मनगटापर्यंत झिणझिण्या येतात, थंडीत तर जास्तच. मऊ बॉलनं त्या कमी येतात. पुतणी आधी फटका चुकला की हात झटकत बसायची, आता लगेच पुढचा बॉल ठेवते.

पण खरी गंमत पटिंगला, म्हणजे बॉल जमिनीवरून भोकात ढकलताना. भोकाभोवतीचं हिरवळीचं ग्रीन आमच्याकडे कुठून असणार? खळं आहे. हरभरा निघाला की खळं रिकामं होतं. ते झाडून, शेणानं सारवून, दोन दिवस वाळू दिलं की बॉल सरळ घरंगळतो. भोकाचा व्यास नियमानं १०८ मिलिमीटर असतो. त्याच्या जवळपास जाणारा एक पत्र्याचा डबा पुरून ठेवलाय. आमच्याकडे छावणीतून आलेला एक जुना कडक बॉलही आहे. तो पटरवर (पटिंगच्या स्टिकवर) ‘टक्’ वाजतो आणि उडी मारल्यासारखा निघतो. सॉफ्ट बॉल ‘थप’ असा दबका वाजतो आणि जोर थोडा कमी पडतो. सारवलेल्या जमिनीवर बॉल पळतो, त्यामुळे मला हा दबकेपणा सोयीचा वाटला. मात्र दोन्ही आलटून पालटून खेळलात तर जोराचा अंदाज कधीच बसणार नाही. एकच मॉडेल धरा आणि तेच वापरा, मऊ-कडकपेक्षा याचा फायदा जास्त.

एक गैरसमज काढून टाका. ‘तुमचा स्विंग (स्टिकचा झोका) हळू आहे, मऊ बॉल घ्या, लांब जाईल’ असं दुकानदार सांगतो. तसं काही नाही. मऊ बॉल पात्यावरून उलट किंचित कमी वेगानं सुटतो. हळू स्विंगला तो फरक इतका थोडा की आपल्याला कळायचाही नाही, पण मऊ आहे म्हणून जास्त लांब हे खरं नव्हे. टू-पीस बॉल फिरकी कमी घेतो, म्हणून उजवीकडे वळणारा फटका जरा कमी वळतो. वळायचा थांबत नाही, ते काम हाताचं आहे. त्याच कमी फिरकीमुळे वेजनं मारलेला बॉल पडल्या जागी थांबत नाही, पुढे पळतो. आमच्या मुरमावर कुठलाच बॉल थांबत नाही, तेव्हा ही तक्रार मी कोणत्या तोंडानं करू?

ऊन. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तापलेला बॉल आणखी मऊ लागतो आणि जास्त उसळतो. स्पर्धेत मुद्दाम गरम केलेला बॉल चालत नाही. इथे ते काम सूर्य करतो, त्याला कोण बाद करणार? टिनाच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत बॉल ठेवू नका. मी माठाशेजारी गोणपाटाच्या पिशवीत ठेवतो. डिसेंबरच्या सकाळी उलटा प्रकार, तोच बॉल टणक लागतो आणि आखूड पडतो.

टिकाऊपणाला मी चांगले गुण देईन. मुरमावर आपटून ओरखडे पडतात, पण कव्हर फाटलं नाही. काळी माती ओली असताना डिंपलमध्ये घट्ट बसते, आणि भरलेल्या डिंपलचा बॉल वेडावाकडा उडतो. डिंपलच नसतील तर बॉल जेमतेम निम्मं अंतर जातो, यावरून काय ते समजा. खिशात ओलं फडकं ठेवा.

आता रंग. गोल्फमध्ये हरवलेला बॉल शोधायला तीन मिनिटं मिळतात. २०१९ च्या आधी पाच मिळायची. तुरीत तीन मिनिटांत बॉल शोधून दाखवावा कोणीही! सुरुवातीला पांढरेच होते. दिवाळीनंतर कापूस फुटला आणि एक पांढरा बॉल पऱ्हाटीत गेला. पुतण्या धुऱ्यावरून ओरडला, “काका, थो पाहा, तिथं पडला!” जाऊन पाहतो तर कापसाचं बोंड. असं बोंडामागून बोंड तपासत आम्ही पऱ्हाटीची अख्खी ओळ पालथी घातली. बॉल वेचणीच्या दिवशी बायांना सापडला.

मग पिवळे आणले. पावसाळ्यात हिरव्या गवतात पिवळ्यासारखा रंग नाही, लांबून दिसतो. सोयाबीन पिवळं पडलं की मात्र त्याचा उपयोग संपला, कुटारात तर तो मिसळूनच जातो. नारिंगी त्या वेळी उत्तम. तोही फाल्गुनात दगा देतो, कारण आमच्या धुऱ्यावर पळस आहेत आणि खाली फुलांचा सडा. वर्षभर चालेल असा गुलाबीच निघाला. शेजारी म्हणतात, “फौजी भाऊ, हा पोरीचा बॉल होय ना?” म्हणू द्या, सापडतो तो आपला. रंगीत बॉल मॅट फिनिशमध्येही मिळतात, उन्हात चमकत नाहीत, पण त्यावर काळ्या मातीचा डाग बसला की फडक्यानं निघत नाही. मी चकचकीतच घेतो.

विहिरीपासून लांब मारा. गोल्फ बॉल पाण्यापेक्षा जड, तो तरंगत नाही.

तळ्यातून काढलेले वापरलेले बॉल ऑनलाइन स्वस्तात मिळतात. एका विक्रेत्याकडून एकदा मागवले. काही बरे होते, काहींवर नवा रंग मारून छाप उठवलेला होता. वेजच्या फटक्यांत तो रंग सालीसारखा निघाला, खाली निराळ्याच कंपनीचं नाव. रंग न मारलेले, मॉडेल निवडून देणारे विक्रेते असतील तर सरावापुरते घ्या.

पुढची खरेदी कापूस विकला की. माझ्यासाठी तेच मॉडेल गुलाबी रंगात, पोरांसाठी त्याहून मऊ पिवळे. पांढरे उरलेत ते खळ्यावर.