ॲक्युपंक्चरचा ५० सेंटिमीटरचा पुतळा: घेण्याआधी काय तपासाल

ॲक्युपंक्चर शिकणाऱ्यांच्या टेबलावर हमखास दिसतो तो पांढरट प्लास्टिकचा, साधारण ५० सेंटिमीटर उंचीचा उभा पुतळा. अंगावर रंगीत रेषा (मेरिडियन, म्हणजे छी ही जीवनशक्ती वाहण्याचे मार्ग), रेषांवर ठिपके (सुई टोचायचे बिंदू) नि आकडे, सोबत पातळशी पुस्तिका. बिंदूंच्या जागा डोळ्यांखालून घालायला तो चांगला आहे. पण ज्या चिनी विचारातून हे बिंदू आले, तो विचार या पुतळ्यावर जवळजवळ दिसतच नाही. थोड्या मेहनतीने तो परत आणता येतो, म्हणून हे परीक्षण जरा सविस्तर.

आधी आकार. बिंदूंचे अंतर 'त्सुन' या मापात मोजतात आणि ते माप ज्याच्या त्याच्या शरीरावरून ठरते. 'लिंगशू' या प्राचीन ग्रंथात माणसाची उंची ७५ त्सुन धरली आहे. त्या हिशेबाने ५० सेंटिमीटरच्या पुतळ्यावर एक त्सुन सुमारे साडेसहा मिलिमीटरचा होतो. २६ सेंटिमीटरच्या पुतळ्यावर तो साडेतीन मिलिमीटरवर येतो, आणि छपाई दोन मिलिमीटर सरकली की बिंदू अर्ध्या त्सुनाहून जास्त चुकतो. लहान पुतळा स्वस्त असला तरी घेऊ नये.

मोठ्या पुतळ्यातही छपाई सरकलेली असू शकते. कागदाच्या पट्टीने पाच मिनिटांत कळते. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या घडीपर्यंत पट्टी कापा आणि तिचे सहा समान भाग करा. हे अंतर १२ त्सुन, तेव्हा मनगटाकडून पहिल्या घडीवर नेइग्वान (पेरिकार्डियम ६, म्हणजे हृदयावरणाच्या मेरिडियनवरचा सहावा बिंदू) यायला हवा. दोन स्तनाग्रांमधले अंतर ८ त्सुन असते, म्हणून मधली रेषा आणि स्तनाग्राची उभी रेषा यांच्या बरोबर मध्ये, बेंबीच्या पातळीवर, तियेनशू (जठर २५) हवा. पाठीवर खांद्याच्या फऱ्याची आतली कड मधल्या रेषेपासून ३ त्सुनांवर असते. मूत्राशयाच्या मेरिडियनची बाहेरची रेषा त्या कडेवरून आणि आतली रेषा बरोबर निम्म्यावरून गेली पाहिजे. या तीन जागी पुतळा उतरला तर बाकीच्या जागांवर बऱ्यापैकी विसंबता येते.

पाठ मात्र नीट पाहा. मणके कोरलेले नसतील तर बिंदू मोजायचे कशावरून? इथे प्रश्न फक्त अचूकपणाचा नाही. तिसऱ्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या पृष्ठमणक्याच्या व दुसऱ्या कटिमणक्याच्या पातळीवर आतल्या रेषेत फुप्फुस, हृदय, यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंड यांचे बिंदू आहेत. बाहेरच्या रेषेत त्यांच्याच शेजारी त्या त्या अवयवात वसणाऱ्या पाच आत्मशक्तींचे बिंदू आहेत: पो, शेन, हुन, यी आणि झी. अवयव आणि त्याचे चैतन्य दीड त्सुनाच्या अंतराने शेजारी मांडले आहेत. चिनी वैद्यक शरीर आणि मन वेगळे काढत नाही, हे इतके उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसते. पुतळ्यावर मात्र उरतात ४२, ४४, ४७, ४९ आणि ५२ हे पाच आकडे.

सगळ्यात मोठी उणीव हातांची. बहुतेक पुतळ्यांचे हात खाली सोडलेले असतात. यिन आणि यांग ही चिनी विचारातली परस्परपूरक जोडी, मेरिडियनही त्यांत विभागलेले. हाताचे तीन यिन मेरिडियन छातीकडून बोटांकडे जातात, म्हणजे अशा पुतळ्यावर ते खाली वाहताना दिसतात. पायाचे तीन यिन मात्र पायाकडून वर चढतात. विद्यार्थी गोंधळतो आणि दिशा पाठ करत बसतो. माणूस हात वर करून उभा आहे असे धरले की कोडे सुटते: सगळे यिन मेरिडियन जमिनीकडून वर जातात, सगळे यांग आकाशाकडून खाली येतात, आणि माणूस या दोहोंच्या मध्ये उभा राहतो. बारा मेरिडियनांच्या दिशा एका वाक्यात ध्यानात राहतात. खांद्यातून हात फिरणारा पुतळा मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यावेत. फक्त सांध्यापाशी रेषा तुटक तर होत नाहीत ना, हे पाहावे.

दुसरी उणीव पायाखालची. तळव्यावरचा युंगछ्वान (मूत्रपिंड १), म्हणजे मूत्रपिंडाच्या मेरिडियनचा उगम, चौथऱ्याला चिकटलेल्या पायाखाली दडतो. टाचेत खिळी असलेला, चौथऱ्यावरून उचलता येणारा पुतळा घ्यावा.

छातीच्या मधल्या रेषेवर वरून खाली श्वेनजी, ह्वागाय, झीगुंग आणि यूथांग अशी नावे आहेत: ताऱ्याचे नाव, राजाचे छत्र, जांभळा राजवाडा, जेडचा महाल. 'सूवेन' ग्रंथात हृदयाला राजाचे पद दिले आहे, म्हणून त्याच्या आजूबाजूला दरबाराचीच नावे. तियेनशू तर सप्तर्षीतल्या पहिल्या ताऱ्याचे नाव. 'सूवेन'मध्ये त्याच्या वर आकाशाच्या छीचा अंमल आणि खाली पृथ्वीच्या छीचा, असे सांगितले आहे. बेंबीची पातळी ही शरीरातली सीमा ठरते. केवळ आकडे छापलेल्या पुतळ्यापेक्षा चिनी अक्षरांत नावे असलेला पुतळा म्हणूनच सरस, अक्षरे वाचता येत नसली तरी. पुस्तिकेशी ती ताडून पाहता येतात.

रेषांचे रंग कारखान्याच्या मर्जीने दिलेले असतात. पंचतत्त्वांचे रंग (काष्ठ हिरवा, अग्नी लाल, पृथ्वी पिवळा, धातू पांढरा, जल काळा) स्वतः भरावेत. कोपर-गुडघ्याखाली प्रत्येक मेरिडियनवर पाच 'शू' बिंदू आहेत, म्हणजे एका बाजूला ६०. बोटाच्या टोकाकडून यिन मेरिडियनवर क्रम हिरवा, लाल, पिवळा, पांढरा, काळा. यांग मेरिडियनवर पांढरा, काळा, हिरवा, लाल, पिवळा. टोकाशी यिनवर काष्ठ आणि यांगवर धातू येतो, कारण 'नान-चिंग' या ग्रंथात ही जोडी मृदू आणि कठीण अशी, नवरा-बायकोसारखी लावली आहे. चूक होते ती यांग बाजूला: तिथे मध्ये एक युआन (मूलस्रोत) बिंदू येतो, त्याला रंग द्यायचा नाही. मोठ्या आतड्याच्या मेरिडियनवर १, २, ३, ५, ११ रंगवायचे आणि ४, म्हणजे होकू, सोडायचा. पित्ताशयावर ४४, ४३, ४१, ३८, ३४. इथे सुटतो तो ४०.

रंग ॲक्रिलिक वापरा आणि पांढऱ्या ठिपक्याभोवती राखाडी कडी काढा, नाहीतर तो दिसणारच नाही. मऊ व्हिनाइलवर परमनंट मार्करची शाई कालांतराने पसरते. पुतळा स्पिरिटने पुसू नका, छापलेले आकडे निघून जातात.

हे केले की पुतळा उपचाराचे गणितही शिकवू लागतो. फुप्फुस हे धातूचे, धातूची माता पृथ्वी, म्हणजे पृथ्वीतून धातू जन्मतो. फुप्फुस दुर्बळ असेल तर त्याच्या मेरिडियनवरचा पिवळा ठिपका, ९ क्रमांकाचा थाययुआन. जोर वाढला असेल तर धातूचे अपत्य जल, म्हणून काळा ठिपका, ५ क्रमांकाचा छिझ. 'दुर्बळाला माता, प्रबळाला अपत्य' हा नियम मग बोटाने दाखवता येतो.

सोबतच्या पुस्तिका कमकुवत असतात. आपल्याकडच्या काहींमध्ये ही पाच तत्त्वे सरळ 'पंचमहाभूते' म्हणून दिलेली आढळतात. त्याने घोटाळा होतो: चिनी पाचात वायू आणि आकाश नाहीत, काष्ठ आणि धातू आहेत, आणि वरचा माता-अपत्याचा नियम एकाने दुसऱ्याला जन्म देण्याच्या त्यांच्या क्रमावर उभा आहे. महाभूते घातली की नियमच लागू होत नाही.

खोक्यावरच्या काळ्या-पांढऱ्या यिन-यांग वर्तुळाला आणि आठ त्रिरेखांना (तीन-तीन आडव्या रेषांच्या चिन्हांना) पाहून पुतळा 'अस्सल' समजू नका. ते वर्तुळ 'लिंगशू' किंवा 'सूवेन'मध्ये नाही. ते कित्येक शतकांनंतरचे. त्रिरेखांचा सुईशी खरा संबंध आहे तो आठ संगमबिंदूंच्या पद्धतीत: नेइग्वान बिंदूला गेन ही त्रिरेखा, लिएछ्युएला ली, गुंगसुनला छ्येन अशा जोड्या आहेत. पुस्तिकेत त्या दिल्या असतील तर चित्राला अर्थ आहे, नाहीतर ती सजावट.

पुतळ्यात सुई टोचून सराव करू नका. कठीण प्लास्टिकवर सुई वाकते, मऊवर भोके पडून ठिपका फाटतो. हात बसवायला घट्ट बांधलेली कागदाची गड्डी पुरते. पाठीच्या आणि खांद्याच्या बिंदूंखाली फुप्फुस किती जवळ आहे, हेही पुतळा सांगत नाही. तिथे खोल, सरळ सुई गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकते. ते शिक्षकासमोरच शिकावे.

चिनी वैद्य वांग वेईयी यांच्या देखरेखीखाली १०२७ साली ओतलेले काशाचे पुतळे परीक्षेसाठीही वापरत: वर मेण, आत पाणी, बिंदू बरोबर साधला तर सुईमागून पाणी बाहेर. त्यावर ३५४ बिंदू होते, आजच्या पुतळ्यावर ३६१ असतात. तशी परीक्षा घरीही घेता येते. पुतळ्यावर पातळ मलमल गुंडाळा, वरून पेन्सिलीने खूण करा, कापड न हलवता खुणेच्या जागी टाचणीने हलके दाबा आणि कापड काढून ठिपक्याशी ताडून पाहा. दोन मिलिमीटरच्या आत आलात तर ठीक.