बाईट प्लेनची प्लेट दवाखान्यातच करताना : दहा महिन्यांचा अनुभव

डीप बाईट असलेल्या, म्हणजे वरचे पुढचे दात खालच्या दातांना गरजेपेक्षा जास्त झाकतात अशा मुलांसाठी लागणाऱ्या बाईट प्लेनच्या प्लेटा गेले दहा महिने मी लॅबकडे न पाठवता दवाखान्यातच तयार करीत आहे. डेंटल स्टोनचे मॉडेल, ०.७ मिलिमीटरची कडक स्टीलची तार, तार वाकवायचा अ‍ॅडम्स प्लायर आणि कोल्ड क्युअर अ‍ॅक्रिलिक (पावडर व लिक्विड कालवून, उष्णता न देता घट्ट होणारे प्लास्टिक) एवढ्या साहित्यावर काम भागते.

वरच्या पटाशीच्या दातांमागे, टाळूला लागून, अ‍ॅक्रिलिकचा एक सपाट ओटा करायचा असतो. तोंड मिटताना खालचे पटाशीचे दात त्या ओट्यावर टेकतात, दाढांमध्ये दीड ते दोन मिलिमीटर अंतर राहते आणि वाढत्या वयात दाढा हळूहळू त्या मोकळ्या जागेत सरकून चावा उघडतो. म्हणूनच ज्या मुलांचा चेहरा मुळातच लांबट आहे त्यांना मी ही प्लेट देत नाही, आणि वाढ संपलेल्यांना तिचा भरवसाही देत नाही.

माझी पहिली प्लेट फसली. मुलगी तीन आठवड्यांनी आली तेव्हा तार शाबूत होती, पण ओट्यावर दातांची एकही खूण नव्हती. तिला समोर बसवून तोंड मिटायला सांगितले, तेव्हा खालचे दात ओट्याला चुकवून त्याच्या मागे जाताना दिसले. वरचे दात तब्बल सहा मिलिमीटर पुढे होते आणि ओटा मी अरुंद ठेवला होता. तेव्हापासून मॉडेलवर ओव्हरजेट, म्हणजे वरचे दात खालच्यांपेक्षा किती पुढे आहेत ते अंतर, मोजून त्यात तीन मिलिमीटर मिळवल्याशिवाय मी अ‍ॅक्रिलिक कालवत नाही. प्लेट बसवताना आर्टिक्युलेटिंग पेपर (दात टेकतात तिथे रंग उमटवणारा कागद) लावून खालच्या सर्व पटाशीच्या दातांच्या खुणा उमटतात का, तेही पाहतो. एकाच दातावर भार येत असेल तर तेवढा भाग घासतो.

अ‍ॅडम्स क्लास्प, म्हणजे प्लेट दाढांना धरून ठेवणारी तारेची पकड, तुटण्याच्या तक्रारी सुरुवातीला बऱ्याच आल्या. तार एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा वाकवली की ती तिथेच तुटते, त्यामुळे चुकलेला क्लास्प सरळ करीत बसण्यापेक्षा नवा तुकडा घेणे मला परवडते. अ‍ॅक्रिलिक घट्ट होताना प्रेशर पॉटमध्ये (दाबाखालील भांड्यात) ठेवू लागल्यापासून त्यात बुडबुडे राहत नाहीत, आणि तयार प्लेट दिवसभर पाण्यात ठेवल्याने लिक्विडचा उग्र वासही जातो.

खरी कसोटी जेवणाची आहे. प्लेट काढून जेवणाऱ्या मुलांत मला फारसा फरक दिसला नाही, म्हणून प्लेट घालूनच जेवायचे, हे पालकांना पहिल्याच दिवशी मी निक्षून सांगतो. पहिली प्लेट फसलेल्या त्या मुलीला दुसरी प्लेट दिली. ओट्यावर दोनदा थर चढवला. पूर्वी दात मिटल्यावर तिचे खालचे दात दिसतच नसत, आता ते अर्ध्याहून अधिक दिसतात.