यहुदी परंपरेतील वाणीचे नियम : दांडिया बाजारातल्या पाच रविवारच्या वर्गाविषयी

वडोदऱ्यात दांडिया बाजाराजवळच्या एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर, यहुदी धर्मपरंपरेने बोलण्याविषयी घालून दिलेल्या नियमांचा पाच रविवारांचा मराठी वर्ग नुकताच पार पडला. प्रत्येक वर्ग दीड तासाचा होता, एकूण शुल्क ६०० रुपये होते आणि आम्ही वीसेक श्रोते होतो. शिकवणारे गृहस्थ बेने इस्रायल समाजातले, घरीदारी मराठी बोलणारे. शनिवार हा त्यांच्या विश्रांतीचा दिवस असल्याने ते रविवारी सकाळच्या गाडीने अहमदाबादहून येत. पुढच्या तुकडीत नाव घालावे का, असे काही परिचितांनी विचारले, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

‘जे खरे तेच बोलले, त्यात निंदा कसली?’ हा आपला नेहमीचा बचाव पहिल्याच दिवशी मोडीत निघाला. दुसऱ्याविषयीची हानिकारक गोष्ट खरी असली तरी ती विनाकारण सांगणे म्हणजे ‘लाशोन हारा’, अर्थात वाईट जीभ. खोटी असेल तर तो ‘मोत्सी शेम रा’ हा त्याहून मोठा अपराध. बाराव्या शतकातील मायमोनिडीझ या आचार्यांनी ऐकून विश्वास ठेवणाऱ्याला बोलणाऱ्यापेक्षाही अधिक दोषी ठरवले आहे. त्यांनी ‘वाईट जिभेची धूळ’ अशी आणखी एक पायरी सांगितली आहे आणि तिची उदाहरणे ऐकताना खोलीत शांतता पसरली, कारण ती थेट आपल्या हळदीकुंकवातली वाटत होती. ‘कोणाला वाटले होते, अमका आज असा होईल?’ किंवा ‘त्याचे नाव नको काढू, काय घडले ते मला सांगायचे नाही.’ आपण ‘त्याच्याविषयी न बोललेलेच बरे’ म्हणतो, तेव्हा तोंडाने काहीच सांगत नाही, पण ऐकणारीच्या मनात हवे ते सगळे भरू देतो. हे वाक्य मी स्वतः किती वेळा आणि किती साळसूदपणे वापरले आहे, ते त्या दिवशी मोजू लागले आणि मोजणे सोडून दिले.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो तिसरा रविवार. विषय होता शब्दांनी दुखावण्याचा, ज्याला ‘ओनाआत देवारीम’ म्हणतात. सुमारे इ. स. २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात असे म्हटले आहे की, घ्यायचे मनात नसताना दुकानदाराला वस्तूची किंमत विचारू नये. आणि पश्चात्ताप करून सुधारलेल्या माणसाला त्याच्या जुन्या वागण्याची आठवण देऊ नये. मंगळ बाजारात तास-दोन तास साड्या उलगडायला लावून रिकाम्या हाताने परतणाऱ्या आम्हा बायकांना पहिला नियम चांगलाच झोंबला. ज्यांच्या घरचे कापडाचे दुकान आहे अशा एका बाईंनी, बघणे हाही व्यापाराचाच भाग आहे, असा रास्त आक्षेप घेतला. त्यावर सरांनी सांगितले की बंधन निवड करणाऱ्यावर नसून, घ्यायचे नाही हे आधीच ठरवून आलेल्यावर आहे. तो हेतू दुसऱ्या कोणाला दिसत नाही, तो मनातच राहतो, आणि म्हणूनच बायबलमधील लेवीय ग्रंथात या आज्ञेला जोडून ‘आपल्या देवाचे भय धर’ असे म्हटले आहे, असा तालमूदचा, म्हणजे मिश्नावरील चर्चाग्रंथाचा, खुलासा आहे. चारचौघांत एखाद्याचा चेहरा पांढराफटक पाडणे हे रक्त सांडण्यासारखे आहे, हे वचनही त्याच चर्चेतले.

चौथा वर्ग बराचसा कथांचा होता, भावाविषयी वाईट बोलल्याने मोशेची बहीण मिर्याम हिला झालेल्या कोडाची गोष्ट वगैरे. तो ठीक झाला.

शेवटचा विषय मात्र प्रत्येकाने ऐकावा असा. रादीन गावचे रब्बी इस्राएल मेइर कागान यांनी १८७३ मध्ये ‘हाफेत्स हाईम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसऱ्याच्या हितासाठी दोष सांगणे कधी योग्य ठरते, याच्या सात अटी त्यात आहेत. गोष्ट स्वतः पाहिलेली किंवा खातरी केलेली असावी, घाईने दोष ठरवू नये, आधी त्या माणसालाच सौम्यपणे सांगून पाहावे, तिखटमीठ लावू नये, हेतू हिताचाच असावा, अन्य मार्ग उरलेला नसावा आणि त्याला रास्तापेक्षा अधिक हानी पोचू नये. मुलाच्या मुंजीत जेवण उशिरा आले म्हणून एका आचाऱ्याविरुद्ध मी कडक अभिप्राय लिहून ठेवला होता. घरी येऊन तो या अटींवर घासून पाहिला. पंचवीस मिनिटांचा उशीर मी ‘तासभर’ लिहिला होता, बासुंदी उतरल्याचे केवळ नणंदेकडून ऐकले होते, आणि त्या आचाऱ्यांशी एका शब्दाने बोलले नव्हते. मजकूर पुसला आणि त्यांना फोन केला. त्यांनी उशीर कबूल केला, कारण सांगितले, आणि माझी तक्रार तिथेच मिटली.

आता या वर्गाची उणीव. हा सात अटींचा भाग अखेरच्या अर्ध्या तासात उरकला गेला. त्याला एक पूर्ण रविवार हवा होता. शिवाय हिब्रू शब्द फळ्यावर न लिहिता भराभर उच्चारले गेल्याने मागे बसलेल्या वयस्क मंडळींना ते टिपून घेता आले नाहीत. हे दोन्ही मुद्दे मी येथे लिहिण्यापूर्वी सरांच्या कानावर घातले. पुढच्या तुकडीत कथांचा वर्ग अर्धा करून अटींना वेळ देईन आणि शब्दांचे देवनागरी टिपण आधीच वाटीन, असे ते म्हणाले, आणि हे अभिप्रायात लिहायला त्यांची हरकत नाही, हेही त्यांनीच सांगितले. मी पुन्हा नाव नोंदवले आहे.