तीन वस्तू मागवल्या, तिन्ही खोट्या निघाल्या आणि मी महिनाभर स्वतःचाच कोड तपासत बसलो

आधीच सांगतो, मी या छंदात नवखा नाही. सोल्डरिंग आयर्न हातात धरून बरीच वर्षं झाली, मित्रांचे बिघडलेले चार्जर आणि स्पीकर माझ्याच टेबलावर येऊन पडतात, आणि ९९०० एमएएच अशी अशक्य क्षमता लिहिलेल्या बॅटरी सेलचा फोटो दिसला की हसणाऱ्यांत मी पहिला. तरी फसलो. तेही एकाच पार्सलमधे तीनदा. त्यामुळे "असल्यांना नवखेच लोक बळी पडतात" हे जे मला वाटायचं ते आता वाटत नाही.

प्रोजेक्ट साधा होता. खिडकीबाहेर लावायचं छोटंसं हवामान केंद्र. वायफाय असलेला छोटा ईएसपी३२ कंट्रोलर बोर्ड, तापमान-दाब-आर्द्रता मोजायला बॉशचा बीएमई२८० सेन्सर, वीज द्यायला एक १८६५० (रिचार्ज होणारा लिथियम) सेल, आणि शेजारी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला कॅमेरा जोडून दर मिनिटाला आकाशाचा एक फोटो, ते साठवायला १२८ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड. सेन्सर, सेल आणि कार्ड तिन्ही एकाच ऑनलाइन सेलरकडे दिसलं, शिपिंग एकदाच पडेल म्हणून तिथेच ऑर्डर टाकली. आणि भाव फार कमी नव्हता हां, तिथेच तर मी गाफील राहिलो. अगदीच फुकटात मिळतंय असं दिसलं असतं तर शंका आली असती, पण खऱ्याच्या थोडासाच खाली भाव ठेवला की आपल्याला वाटतं, चला, बरं मिळालं. सेलवरपण ३४०० लिहिलं होतं, ९९०० नाही. म्हणजे लेबल छापणाऱ्यालाही कुठे थांबायचं ते कळत होतं.

पार्सल आलं, फोममधे गुंडाळलेलं, सेन्सर अँटिस्टॅटिक पाकिटात, सगळं कसं नीटनेटकं. आणि मी त्याच संध्याकाळी काहीही चालू करून न बघता पाच स्टार दिले, वर लिहिलं की पॅकिंग मस्त. ते पाच स्टार अजून डोळ्यासमोर येतात माझ्या.

पहिला नंबर सेन्सरचा. जोडला, सेन्सरच्या लायब्ररीतलं, म्हणजे तयार कोडमधलं, उदाहरण बोर्डवर अपलोड केलं, सिरीयल मॉनिटरवर मेसेज आला, कुड नॉट फाइंड अ व्हॅलिड बीएमई२८० सेन्सर, चेक वायरिंग. चेक वायरिंग म्हटल्यावर मी वायरिंग चेक केलं. जंपर वायरी बदलल्या. ब्रेडबोर्ड बदलला. कोडमधला सेन्सरचा पत्ता ७६ चा ७७ करून बघितला, पुलअप रेझिस्टर लावले, पिनांचं सोल्डरिंग पुन्हा केलं, दुसरा ईएसपी३२ काढला, तरी तोच मेसेज. आणि गंमत म्हणजे वायरींवर कोण जोडलंय ते शोधणारा आय-टू-सी स्कॅनर चालवला की ७६ वर काहीतरी आहे असं तो स्वच्छ सांगत होता, म्हणजे चिप जिवंत आहे, बोलतेय, फक्त लायब्ररीला पटत नाहीये. दोन संध्याकाळी गेल्या यात. तिसऱ्या दिवशी कंटाळून तो मेसेज पूर्ण वाचला, कारण तोपर्यंत मी पहिली ओळ वाचून थांबत होतो, आणि खाली लिहिलेलं होतं हो, सेन्सर आयडी किती आला आणि कुठला आकडा म्हणजे कुठली चिप. माझा आयडी ५८. बीएमई२८० चा असतो ६०. ५८ म्हणजे बीएमपी२८०, जो तापमान आणि दाब मोजतो, आर्द्रता नाहीच. उत्तर तीन दिवस स्क्रीनवर होतं आणि मी भिंगातून सोल्डरचे ठिपके बघत होतो.

हे ओळखायला खरं तर कोडचीही गरज नाही. बीएमई२८० ची ती चकचकीत धातूची डबी चौरस असते, अडीच बाय अडीच मिलिमीटर. बीएमपी२८० ची लांबट, दोन बाय अडीच. अर्ध्या मिलिमीटरचा फरक, पण मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून फोटो काढला की चौरस की आयत ते कळतं. आणि विक्रीच्या पानावरच्या फोटोतही कळतं! मी परत जाऊन बघितला तो फोटो. मॉड्यूल अंगठा आणि बोटात धरलेलं, अंगठ्याला पट्टी बांधलेली, आणि मधोमध सरळ सरळ आयत. खाली मोठ्या अक्षरात बीएमई२८०. एका अर्थी त्याने काही लपवलं नव्हतंच.

बीएमपी२८० हा वाईट सेन्सर अजिबात नाही, दाब मस्त मोजतो. बीएमपी म्हणून विकला असता तर मी आनंदाने घेतला असता. माझा राग स्वस्त वस्तूवर नाही. कॉम्प्युटरच्या यूएसबीशी बोलायला सीएच३४० चिप लावलेले स्वस्त बोर्ड मी ढिगाने वापरतो, ती चिप स्वतःच्या नावाने येते, काम करते, विषय संपला. उलट त्याच कामाच्या, एफटीडीआय कंपनीच्या एफटी२३२ चं नाव छापलेल्या नकली चिपांचं काय झालं ते जुन्या लोकांना आठवत असेल. २०१४ च्या ऑक्टोबरमधे विंडोज अपडेटमधून कंपनीचा असा ड्रायव्हर आला की जो नकली चिप ओळखून तिचा प्रॉडक्ट आयडी शून्य करून टाकायचा, झालं, कॉम्प्युटर ती केबल ओळखेचना. बोंब झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला. पण विचार करा, नकली चिप बनवली कोणी, विकली कोणी, आणि केबल मेली कोणाची.

असो. सेन्सर तात्पुरता बाजूला ठेवला, म्हटलं आर्द्रता नंतर बघू. आता सेल.

हिशोबाने डीप स्लीपमधे, म्हणजे काम नसताना झोपवून ठेवलं तर, हे यंत्र काही आठवडे चालायला हवं होतं. चाललं पाच दिवस. शिवाय मधूनच वायफाय चालू व्हायच्या क्षणी बोर्ड रीसेट व्हायचा आणि ब्राउनआउट डिटेक्टरचा, म्हणजे व्होल्टेज पडल्याचा, मेसेज यायचा. पुन्हा मी काय केलं, तर स्वतःला दोष दिला. डीप स्लीपचा कोड तीनदा लिहिला. बोर्डवरची पॉवरची लाल एलईडी उपटली. मोठा कपॅसिटर लावला, त्याने रीसेट थोडे कमी झाले, म्हणून वाटलं बरोबर वाटेवर आहोत. वायफाय सुरू होताना ईएसपी३२ क्षणभर काहीशे मिलिअँपिअर ओढतो, चांगल्या सेलला त्याचं काही वाटत नाही पण आतला रेझिस्टन्स जास्त असलेल्या सेलचा व्होल्टेज तेवढ्यात खाली बसतो, ही गोष्ट मला माहीत होती, दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर लगेच सांगितली असती. स्वतःच्या टेबलावर मात्र सुचली नाही.

शेवटी सेल काट्यावर ठेवला. ३६ ग्रॅम. चांगल्या १८६५० चं वजन साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतं. इतकं सोपं. मग खात्री करायला फुल चार्ज करून, म्हणजे ४.२ व्होल्टवर आणून, १० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर जोडला (पाव वॅटचा लावू नका, जळेल) आणि दर पंधरा मिनिटांनी मल्टिमीटरने व्होल्टेज लिहीत बसलो, ३ व्होल्टला थांबायचं असं ठरवून. सरासरी ०.३६ अँपिअर धरा. ३४०० वाला खरा असता तर नऊ तासांच्या वर गेला असता. हा तीन तासांत आटोपला. म्हणजे जेमतेम ११०० एमएएच. सगळा वेळ समोर बसून केलं हे, आणि तुम्हीही असा सेल जोडून झोपायला जाऊ नका, लिथियम आहे ते. आत काय भरलंय बघू म्हणून वरचं आवरण कापायची खुमखुमीही मला आली होती, ती आवरली.

एक लक्षात ठेवा, नेहमी मिळणाऱ्या चांगल्या १८६५० मधे साधारण ३५००-३६०० च्या आसपास एमएएच मावतात, त्यामुळे ५०००, ६८००, ९९०० हे आकडे दिसले की तिथेच पान बंद करा. पण ३४०० लिहिलंय म्हणून खरं असंही नाही, त्याला काटाच लागतो. अर्थात वजन बरोबर भरलं म्हणून सेल चांगला असंही नाही, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढून नवं आवरण चढवलेला सेल वजनाला बरोबरच भरतो आणि क्षमतेत मार खातो.

कार्डाने मात्र सगळ्यात जास्त दुखवलं, कारण तिथे नुसते पैसे नाही, फोटो गेले. रास्पबेरी पायला यूएसबी रीडरमधून ते लावलं होतं. तीन आठवडे दर मिनिटाला एक फोटो, फोल्डरमधे फाइलींची यादी लांबच लांब, नावं बरोबर, साइझ बरोबर, तारखा बरोबर. मी अधूनमधून यादी बघून खूश व्हायचो. उघडून बघत नव्हतो! जेव्हा व्हिडिओ बनवायला बसलो तेव्हा पहिल्या जवळपास दोन दिवसांचे फोटो ठीक, त्यानंतर अर्धे राखाडी, मग उघडतच नाहीत. त्या तीन आठवड्यांत एका संध्याकाळी ढगांचे थर असे काही रंगले होते की मी घरातल्या सगळ्यांना खिडकीशी बोलावलं होतं, आणि मनात म्हटलेलं की काळजी नाही, रेकॉर्ड होतंय.

या कार्डांत होतं असं की आत मेमरी असते ८ जीबी आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं की मी १२८ जीबी आहे म्हण. कॉम्प्युटर विश्वास ठेवतो. फाइलींची यादी बऱ्याचदा कार्डाच्या सुरुवातीच्या भागात लिहिली जाते म्हणून ती शाबूत दिसते, आणि ८ जीबीच्या पुढचा डेटा एकतर हवेत जातो नाहीतर आधीच्या डेटावर लिहिला जातो. फॉरमॅट केलं तरी १२८ च दिसतं, त्यामुळे प्रॉपर्टीज उघडून साइझ बघणं म्हणजे चोरालाच विचारणं.

तपासायचा खरा उपाय एकच, पूर्ण भरा आणि पूर्ण परत वाचा. लिनक्सवर एफ३ नावाचं फुकट टूल आहे, एफ३राइट एकेक जीबीच्या फाइली भरत जातं, एफ३रीड त्या वाचून किती डेटा बिघडला ते सांगतं. विंडोजवर त्याच कामाला एच२टेस्टडब्ल्यू. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, रात्री लावून ठेवा. एफ३प्रोब पटकन उत्तर देतं पण त्याच्या डिस्ट्रक्टिव्ह पर्यायाने कार्डावरचं आहे ते जातं, तेव्हा रिकाम्या कार्डावरच चालवा.

आता सेलरची कथा. तिन्हींचे पुरावे घेऊन डिस्प्युट टाकला, काट्यावरच्या सेलचा फोटो, स्क्रीनशॉट, सगळं. पहिलं उत्तर, डिअर फ्रेंड, वायरिंग बरोबर आहे का बघा. दुसरं, व्हिडिओ पाठवा. पाठवला. तिसरं, तुमचा वजनकाटा चुकीचा असेल. चौथं फार गोड, आम्ही छोटे विक्रेते आहोत, तुम्ही डिस्प्युट बंद करा, आम्ही लगेच अर्धे पैसे देतो आणि वस्तूही तुमच्याकडेच ठेवा. मी बंद केला. हो, केला बंद, कंटाळलो होतो. त्यानंतर उत्तरं थांबली, आणि डिस्प्युट पुन्हा उघडायला गेलो तर मुदत संपलेली. ती गोड भाषा मुदत संपेपर्यंतच होती हे नंतर मेसेजच्या तारखा लावून बघितल्यावर कळलं. डिस्प्युट पैसे हातात आल्याशिवाय बंद करायचा नाही, आणि बोलणं साइटच्या चॅटमधेच करायचं, बाहेर कुठल्याही नंबरवर नाही.

मग बसून त्या पानावरचे जुने रिव्ह्यू वाचले, जे मी ऑर्डरच्या आधी वाचायला हवे होते. वरचे सगळे माझ्यासारखे, लवकर आलं, पॅकिंग मस्त. खाली खाली जाल तसं लोक लिहितायत कव्हर फोनला अगदी फिट बसलं. फोनचं कव्हर! म्हणजे पान जुनं, रिव्ह्यू जुने, वस्तू मधेच बदललेली. एक-दोन स्टारवाले मोजकेच होते आणि त्यातल्या एकाने लिहिलं होतं, आयडी ५८. एवढंच. ज्याला कळायचं त्याला कळेल. मला कळलं नसतं तेव्हा.

आता माझ्याकडे पार्सल आलं की टेबलावर आधी काटा येतो. सेल वजन करून, डिस्चार्ज करून मगच डब्यात. कार्ड रात्रभर एफ३ वर. सेन्सरचा आधी आयडी वाचायचा, मग पुढचं. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर घेत असाल तर त्याचा आठ बाइटचा रॉम कोड, म्हणजे ओळख क्रमांक, वाचा, २८ ने सुरू होतो आणि अस्सल तुकड्यात सहावा-सातवा बाइट शून्य असतात, तसं नसेल तर तो नकली समजा, भले तापमान ठीकठाक दाखवू दे. एलएम२५९६ चे स्वस्त बक मॉड्यूल (व्होल्टेज कमी करणारे), तिथे अस्सल चिप १५० किलोहर्ट्झवर चालते, ऑसिलोस्कोपवर ५० च्या आसपास दिसलं तर काय समजायचं ते समजा. स्कोप नसेल तर निदान पूर्ण तीन अँपिअरची अपेक्षा ठेवू नका. आणि स्टार? महिन्याने.

बीएमपी२८० आता खिडकीबाहेर दाब मोजतोय, आर्द्रतेसाठी दुसरीकडून खरा सेन्सर आणला. कार्डावर ७ जीबीचं पार्टिशन करून मार्करने मोठा ७ लिहिलाय, एफ३ ला ते पास झालं तरी त्यावर काही महत्त्वाचं ठेवत नाही. सेल टोकांना टेप लावून ई-कचऱ्यात दिला.

परवा एका मित्राने लिंक पाठवली, हवामान केंद्र करतोय, हा सेन्सर घेऊ का, रेटिंग चांगलंय. दुकानाचं नाव वेगळं होतं. फोटो उघडला तर तेच मॉड्यूल, तोच पट्टी बांधलेला अंगठा, मधे तोच आयत.