कायरोप्रॅक्टर व्हायचंय: अमेरिकी कॉलेज, ब्रिटन-ऑस्ट्रेलियाचं विद्यापीठ, की वैद्यकशाखेतून?

कायरोप्रॅक्टर, म्हणजे मुख्यतः पाठ-मानेच्या दुखण्यांवर हातांनी मणके हलवून उपचार करणारा, व्हायचं पक्कं झालं की खरा पेच पडतो तो कुठे शिकायचं याचा. मोठ्या वाटा तीन आहेत. पदवीचं नाव प्रत्येक वाटेवर वेगळं मिळतं आणि बहुतेक जण त्या नावावरच अडकतात. माझ्या मते नाव शेवटी बघावं. आधी बघावं की पुढे काम कोणत्या देशात करायचंय आणि शिकताना हाताखालून कसले रुग्ण जाणार आहेत.

अमेरिकेत हा व्यवसाय जन्मला. १८९५ साली आयोवातल्या डॅव्हनपोर्टमध्ये डी. डी. पामर यांनी त्याची सुरुवात केली आणि दोनच वर्षांत शाळा काढली. शिक्षण तेव्हापासून बहुतांशी स्वतंत्र खासगी कॉलेजांतच वाढलं. आधी कॉलेजात साधारण तीन वर्षं, म्हणजे ९० क्रेडिट पूर्ण करायचे, मग चार शैक्षणिक वर्षांचा ‘डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक’. त्यानंतर राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षा आणि राज्याचा परवाना. हाताचं तंत्र सुरुवातीपासून घोटून घेतलं जातं, ही या वाटेची जमेची बाजू. मात्र फी जबर असते आणि त्यासाठी घेतलेलं कर्ज पुढे कित्येक वर्षं मानेवर बसतं.

ब्रिटनमध्ये शाळा संपली की थेट चार वर्षांची एकत्रित मास्टर्स करता येते. ऑस्ट्रेलियात साधारण पाच वर्षं लागतात. मॅक्वेरी विद्यापीठात तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांची मास्टर्स अशी रचना आहे. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्यामुळे जनरल कायरोप्रॅक्टिक काउन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवताच येत नाही. वेळ वाचतो, पण अठराव्या वर्षीच आयुष्याचं काम ठरवावं लागतं.

तिसरी वाट वैद्यकशाखेतून जाते. डेन्मार्कमध्ये ओडेन्सला पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यातली सुरुवातीची वर्षं बरीचशी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांबरोबर जातात आणि पदवीनंतर वर्षभर देखरेखीखाली काम केल्यावरच स्वतंत्र परवाना मिळतो. झुरिक विद्यापीठात तर २००८ पासून हा विषय वैद्यकशाखेतच शिकवला जातो: सहा वर्षं शिक्षण आणि त्यानंतर सहायक म्हणून उमेदवारी. जागा मोजक्या असतात आणि डॅनिश किंवा जर्मन चांगली आल्याशिवाय निभाव लागत नाही.

किमान पातळीचा एक मापदंड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पूर्ण शिक्षणात किमान ४२०० तास अध्यापनाचे आणि त्यातले किमान १००० तास देखरेखीखालच्या रुग्णसेवेचे असावेत. तिन्ही वाटांची खरी तुलना या हजार तासांपाशी करावी, कारण ते कसे भरले जातात यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. कॉलेजच्या स्वतःच्या क्लिनिकमध्ये येणारे पुष्कळ जण तरुण, धडधाकट, बसून बसून पाठ आखडलेले असतात. कधी तर वर्गमित्रच रुग्ण म्हणून येतात. त्यांच्यावर हात बसतो, पण नजर तयार होत नाही. सत्तरीच्या माणसाची पाठ रात्री झोपेतही दुखते, वजन विनाकारण उतरतंय, तेव्हा हात न लावता पुढच्या तपासण्यांना पाठवायचं असतं. कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला आणि लघवीवरचा ताबा गेला, तर तासाभराचीही वाट बघायची नसते. अचानक उठलेली, कधी न अनुभवलेली मानदुखी आणि जोडीला चक्कर किंवा दोन दोन दिसणं असेल, तर रक्तवाहिनी फाटल्याची शंका घ्यावी आणि मानेला झटका देऊच नये. असे रुग्ण क्वचित येतात, पण त्यांना ओळखायला शिकवतं ते रुग्णालयातलं काम. इथे तिसरी वाट उजवी ठरते, असं मला ठामपणे वाटतं. पहिल्या दोन वाटांनी जाणाऱ्यांनी प्रवेशाआधीच विचारावं: प्रत्येक विद्यार्थ्याने किती नवे रुग्ण स्वतः तपासायचे असतात? त्यात वयस्कर किती? रुग्णालयात पाळी लागते का?

शिकवण्यामागची भूमिकाही तपासावी. काही ठिकाणी अजून ‘सबलक्सेशन’, म्हणजे मणका जागेवरून किंचित सरकल्याची कल्पना, हेच आजारांचं मूळ मानून शिकवतात. ब्रिटनच्या काउन्सिलने २०१० मध्येच ती ऐतिहासिक कल्पना असल्याचं सांगितलं आणि ती आजारांचं कारण आहे असा दावा करण्याजोगा पुरावा नाही, हेही स्पष्ट केलं. याउलट कंबरदुखीसाठी मणक्यावरच्या हस्तोपचारांना अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शनात जागा आहे. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये ते व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत असं म्हटलं. म्हणून जिथे व्यायाम, निदान आणि योग्य वेळी दुसऱ्याकडे पाठवणं मनापासून शिकवतात, तीच जागा निवडावी, मग देश कोणताही असो.

राहता राहिला परवाना. तो पदवीबरोबर सीमा ओलांडत नाही. परदेशात शिकलेल्यांना ब्रिटनमध्ये नोंदणीआधी क्षमता-चाचणी द्यावी लागते आणि अमेरिकेत प्रत्येक राज्याचं मंडळ स्वतःच्या अटी लावतं. काही देशांत तर या व्यवसायाला कायद्याने मान्यताच नाही. जिथे काम करायचंय तिथल्या नियामक संस्थेला विशिष्ट कॉलेजचं नाव देऊन पत्र लिहावं आणि लेखी उत्तर हातात येईपर्यंत फीचा पहिला हप्ता भरू नये.